दातवाल्यांचं व्याज

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. घाटकोपर पश्चिमेला औषधांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. आमचे सर लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायचे. बी.कॉम. होऊन मी तिथे लागले त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. समोरच्या खुर्चीत एक बुटके, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ येऊन बसले. मांडीवर कापडी पिशवी ठेवली. मी विचारलं, "फॉर्म सोळा आणलाय का?"

ते म्हणाले, "वरचो डावो दात कधी पडलो तुझो?"

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

"फॉर्म म्हणताना वारो जाता," ते म्हणाले. "आणि हात असो वर नेऊ नको. हात नेलंस की लोक तिकडेच बघतत."

मला राग आला होता. पण त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं, जणू रस्त्यात कोणी ओढणी चाकात जातेय म्हणून सांगावं. माणूस मालवणचा दिसतोय, असं मनात म्हणत मी कागद पुढे ओढले. पॅन कार्डावरचं नाव मालवणचं नव्हतं. तरी मी सवयीने नागरिकत्वाच्या रकान्यात भारतीय लिहायला गेले, तर त्यांनी टेबलावर बोट आपटलं.

"नाय. नेपाळ. मी परदेशी कामगार. तसाच लिही."

त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांचं रिटर्न भरलं. त्यांना आमच्याकडे सगळे दातवाले म्हणायचे. मी काका म्हणायची.

पोखऱ्याच्या पुढे कुठेतरी डोंगरात त्यांचं गाव होतं. एकोणिसाव्या वर्षी ते घरात कोणाला न सांगता निघाले आणि फिरत फिरत विक्रोळीला पोचले. तिथे एका मालवणी बाईंच्या मागच्या खोलीत जागा मिळाली. बाईंचा नवरा कारखान्यात होता, तो पुढे वारला. मुलगा लग्न होऊन वेगळा झाला. हे मात्र मागच्या खोलीतच राहिले. मराठी त्यांनी आयुष्यात एकाच माणसाकडून शिकली, ती म्हणजे ह्या मावशींकडून. त्यामुळे त्यांना वाटायचं मराठी ती हीच. आमचे सर बोलायला लागले की ते मला हळूच म्हणायचे, "ह्यांचा मराठी जरा कच्चा आसा ना?"

घाटकोपरच्याच एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, डेंटल लॅब होती. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन तिथे पाठवतात आणि तिथे कवळ्या, दातांवरच्या टोप्या, खोटे दात बनतात. काका तिथले सगळ्यात जुने कारागीर. मी एकदा कागदांवर सही घ्यायला गेले होते. लांबलचक टेबलावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात छोटी भट्टी आणि काका भिंग लावून एका दातावर ब्रशने रंग चढवत होते. इतका बारीक ब्रश मी तोवर पाहिला नव्हता.

"ही बघ," त्यांनी एक चिठ्ठी दाखवली. तिच्यावर दाताचा नंबर आणि रंगाचा नंबर, एवढंच. "बाई आसा की बापयो, लिवलेला नाय. वय नाय. पान खाता की चाय पिता, काय नाय. मी दात कोणासाठी करू?"

मग ते डॉक्टरला फोन करायचे आणि विचारायचे, पेशंट हसतो कसा? डॉक्टर वैतागायचे. लॅबचा मालकही वैतागायचा. पण त्यांनी केलेला दात परत आला असं कधी झालं नाही, म्हणून कोणी काही बोलत नसे. "दात खोटो," ते म्हणायचे, "माप खरा लागता."

पेशंटला मात्र त्यांचा पत्ता नसायचा. आभार मानायचे ते डॉक्टरचे. एकदा घाटकोपरच्या बाजारात भाजी घेताना त्यांना एका बाईच्या तोंडात स्वतःचे तीन दात दिसले. पुढचे, वरचे. त्यांनी लगेच ओळखले, कारण मधल्या दाताला त्यांनी मुद्दाम एक बारीकशी तिरकी कड ठेवली होती. बाई भाजीवाल्याशी घासाघीस करत मोकळेपणाने हसत होती. काका तिच्या मागे मागे अर्धी गल्ली गेले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तिना मागे वळून बघितल्यान. मी भेंडी घेऊक लागलंय." आणि स्वतःशीच खूश होऊन म्हणाले, "पेरू खाय होती गो. पुढच्या दातांनी!"

लोकांचं त्यांच्याशी वागणं मी पाहिलेलं होतं. चेहरा बघितला की लोक ठरवून टाकायचे. एका डॉक्टरच्या बिल्डिंगमध्ये ते दातांचा डबा घेऊन गेले, तर गाडीतून उतरलेल्या माणसाने त्यांच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, बहादूर, जरा सावलीत लाव. काकांनी किल्ली परत दिली. "गाडी येत नाय माका. दातांचा काय काम असला तर सांगा." हे ते हसत सांगायचे, पण सांगून झालं की पिशवीतले कागद उगाच परत लावत बसायचे. मला वाटतं म्हणूनच त्यांना ते परदेशी कामगार हे शब्द आवडायचे. त्यात त्यांना काम दिसायचं.

आता व्याजाचं सांगते. लॅबवाले त्यांना पगार देत नसत, कामाच्या हिशेबाने पैसे देत आणि त्यातला दहावा भाग टॅक्स म्हणून आधीच कापून सरकारकडे भरत. काकांची वर्षाची कमाई टॅक्स लागण्याइतकी नसायचीच. मग रिटर्न भरायचं आणि कापलेले पैसे परत मिळवायचे. हा रिफंड. त्याला उशीर झाला की सरकार त्यावर थोडं व्याज देतं. रिफंड हे उत्पन्न नाही, पण ते व्याज उत्पन्न आहे आणि पुढच्या रिटर्नमध्ये ते दाखवायचं असतं. नियम असा आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तो माहीत नसायचा आणि आम्हीही आठवण करून द्यायच्या भानगडीत पडायचो नाही.

काकांना तो कोणी सांगितला कोण जाणे. पहिल्याच वर्षी त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. दोनशे चौदा रुपये.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, दोनशे चौदा रुपये आहेत. कोण विचारतंय?"

"कोण नाय विचारत. म्हणूनच सांगूक व्होया."

"त्यावर टॅक्स शून्य बसतो. दाखवलं काय, न दाखवलं काय, एकच."

"माझे पैसे त्यांच्याकडे रवले. त्याचा त्यांनी भाडा दिल्यानी. भाडा घेतलंय तर घेतलंय म्हणूक नको?"

सरांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी ती ओळ भरली. इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न, दोनशे चौदा. काकांनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि ते एकदम मोकळे झाले. मग गप्पा सुरू. ते गेल्यावर सर म्हणाले, "एक नंबरचा चक्रम आहे. पण पैसे वेळेवर देतो."

दरवर्षी जुलैच्या पहिल्या सोमवारी, अकरा वाजता, ते यायचे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बाकीचे लोक आमच्याकडे दातदुखीला जावं तसे यायचे आणि हे पाहुणे यावेत तसे. काम वीस मिनिटांचं, पण ते दीड-दोन तास बसत. मावशींच्या गुडघ्याचं सांगत, मुलाचं सांगत. बायको गावी वारली होती. वर्षातून एकदा महिनाभर भेटलेला संसार होता तो. मुलगा कतारला बांधकामावर. "तो थंय परदेशी, मी हंय परदेशी," ते म्हणायचे. "आणि गावच्या घराक कुलूप. चावी शेजाऱ्याकडे."

मुलाचा फोन यायचा महिन्यातून एकदा. तो नेपाळी बोलायचा आणि ह्यांच्या तोंडून मधेच मालवणी निघायची. मग मुलगा म्हणायचा, बाबा, काय बोलताय ते कळत नाही. हे सांगताना ते हसले होते, पण दातवाले असूनही स्वतः हसताना तोंड उघडत नसत. तो ओठ मिटून हसणारा माणूस होता.

इन्कम टॅक्सवाल्यांकडून रिटर्न मिळाल्याचं, तपासल्याचं पत्र येतं. पूर्वी पोस्टाने यायचं, नंतर ई-मेलवर. काका मला त्याची प्रिंट काढायला लावत. त्यावर सुरुवातीला प्रिय म्हणून पूर्ण नाव असतं. ते नाव ते दर वेळी एकेक अक्षर वाचायचे. लॅबच्या पावत्यांवर त्यांचं आडनाव चुकीचं होतं. विजेच्या बिलावर मावशींच्या नवऱ्याचं नाव. गावच्या पत्रांचं तर विचारूच नका, पत्रं लिहिणारं कोणी उरलं नव्हतं. "ह्या एकाच ठिकाणी माका बरोबर नावान हाक मारतत," असं ते एकदा म्हणाले. मी तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी आकडे जुळवत होते. नुसती हं म्हणाले.

माझा दात त्यांनीच केला. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे मला घेऊन गेले, माप घ्यायला लावलं आणि मग ऑफिसात येऊन रंगांची पट्टी माझ्या तोंडाशी धरून खिडकीपाशी उभं केलं. मी म्हटलं, "काका, जरा पांढरा करा ना, झकास दिसेल." ते म्हणाले, "पांढरो केलंय तर लोक दात बघतील, तुका नाय." आठवड्याने दात बसला. शेजारच्या दातासारखाच, किंचित पिवळसर. घरी आईला दोन दिवस कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू आजकाल हसतेस जास्त." मी पैसे दिले, त्यांनी पावती दिली. फुकट केला असता तर मला संकोच झाला असता, हे त्यांना न सांगता कळलं.

इतकं सगळं असून मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी सर आजारी होते. ऑफिस माझ्या एकटीवर. काकांच्या बँक खात्यावरच्या नावात आणि पॅनवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला होता, त्यामुळे आधीचा रिफंड दीड वर्ष अडकून मग सुटला होता आणि व्याजही बऱ्यापैकी आलं होतं, अठराशेच्या वर. त्यात काकांना जुलैच्या पहिल्या आठवड्यात मलेरिया झाला. ते आले शेवटच्या आठवड्यात. ऑफिसात बसायला जागा नव्हती. जिन्यात लोक उभे. इन्कम टॅक्सची वेबसाईट भोवरा फिरवत बसलेली. त्यांचं सगळं भरून झालं होतं, मी ते सबमिट करत होते आणि टेबलापलीकडून ते म्हणाले, "व्याज दाखवलंस ना गो?"

मी दाखवलं नव्हतं. विसरले होते. मागे जायचं म्हटलं तर सगळी पानं परत उघडणार, परत भोवरा. टॅक्स तर तसाही शून्य होता.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांनी कधीच माझ्या स्क्रीनकडे बघितलं नव्हतं. माझ्या हो वर त्यांचं काम व्हायचं.

पुढे चारेक महिन्यांनी, दुपारी, मावशींचा फोन आला. मला त्या कधी भेटल्या नव्हत्या. कानाने कमी असल्यामुळे त्या ओरडूनच बोलत.

"तूच काय गो ती टॅक्सवाली? तुझो नंबर हंय कॅलेंडरावर लिवलेलो आसा. गो, तो दोन दिस जेवूक नाय. कामावर जाऊक नाय. बॅग भरून बसलो हा. काय तरी सरकारचा पत्र इला म्हणता. ये गो बाय, लवकर ये."

मी रिक्षा करून विक्रोळीला गेले. वसाहतीतली जुनी बैठी खोली, पुढे मावशींचा देव्हारा आणि टीव्ही, मागे ह्यांची जागा. खाटेच्या कडेला काका बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. पायाशी बॅग. बाजूला फडक्यात गुंडाळलेली त्यांची हत्यारं, ब्रश वगैरे. भिंतीवरचा मुलाचा फोटोही काढून त्या फडक्यावर ठेवलेला.

त्यांनी मला मोबाईल दिला. इन्कम टॅक्सचं ई-मेल होतं. तुमच्या नावावर जमा झालेलं व्याज आणि तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न जुळत नाही, तपासून उत्तर द्या, असं. अगदी साधं. अशी आम्हाला मोसमात पन्नास येतात. पण लॅबमधल्या रिसेप्शनिस्टने ते वाचून त्यांना सांगितलं होतं, काका, तुम्हाला नोटीस आलीय, काहीतरी लपवलंय म्हणतायत.

"मी निघतंय," ते म्हणाले. "पोलीस मावशीच्या दारात नको. ह्या वयात तिका त्रास नको."

"कोणी पोलीस-बिलीस येत नाही, काका."

"तुका काय ठाऊक? तू हंयची. हंयच्या माणसान लपवल्यान तर दंड. परदेशी माणसान लपवल्यान तर चोर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण लपवलंय कधी? मी तुका विचारलंय ना? दोन दिस आठवतंय. खुर्ची आठवता, जिन्यातली माणसा आठवतत. मी विचारलंय असा वाटता. पण विचारलंय आणि तू हो म्हटलंस, तर दाखवलेला असणारच. म्हणजे मी विचारूकच नाय. माझा डोका गेला गो. माझ्या बापाशीचा असाच झालेला."

तिथे बसायला दुसरं काही नव्हतं. मी त्यांच्या बॅगेवरच बसले.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. दाखवलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. पुढच्या खोलीत मावशींचा टीव्ही मोठ्याने चालू होता.

"मी विचारलंय?"

"हो."

"नक्की?"

"व्याज दाखवलंस ना गो, असं म्हणालात."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आधी आली ती सुटकाच. डोकं शाबूत होतं त्यांचं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, चष्मा काढून पुसला. मी वाट बघत होते ते मला बोलतील म्हणून. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मग हो कशाक म्हटलंस?"

"घाई होती, काका."

"घाई होती तर घाई आसा म्हणूचा." ते अगदी शांतपणे म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी इलो असतंय. तिसऱ्या दिवशी इलो असतंय. माका काय काम असता?"

मी तिथेच बसून मोबाईलवरून विभागाला उत्तर दिलं, चूक मान्य आहे म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सुधारलेलं रिटर्न भरलं. टॅक्स शून्य. दंड शून्य. पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्या दिवशी मावशींनी आम्हा दोघांना भात आणि सोलकढी वाढली, काका जेवले. निघताना मी म्हटलं, बॅग उघडून ठेवा आता. ते म्हणाले, "ठेवतंय."

पुढच्या जुलैत पहिल्या सोमवारी, अकरा वाजता, ते आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मी उठून उभीच राहिले. मला वाटलं होतं येणार नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला ठेवली आणि स्क्रीनसमोर बसले. चष्मा लावला. मी भरत गेले तसं ते बोटाने एकेक ओळ वाचत गेले. व्याजाच्या ओळीशी थांबले, पासबुकातला आकडा ताडून बघितला आणि म्हणाले, "हां. चल पुढे."

नंतर नेहमीसारख्या गप्पा झाल्या. मावशींचा गुडघा, कतारची गरमी. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. शेवटपर्यंत कधी त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. फक्त खुर्ची दर वर्षी माझ्या बाजूला यायची. सर बरे होऊन आले तेव्हा म्हणाले, "काय, हल्ली कॉम्प्युटर शिकतात का हे?" मी पुढची फाईल उघडली.

मग लॅबमध्ये मशीन आलं. स्क्रीनवर दात आखायचा, मशीन तो कोरून देतं. मालकाने काकांना काढलं नाही, पण काम कमी होत गेलं. त्यांच्या डोळ्यांचंही व्हायला लागलं होतं. आणि विक्रोळीची ती वसाहत रिडेव्हलपमेंटला गेली. मावशींना मुलगा मुलुंडला घेऊन गेला. मागच्या खोलीतल्या माणसासाठी कुठल्याच कागदावर जागा नव्हती. मावशींनी मुलाशी भांडण केलं म्हणे, पण मुलाचा फ्लॅट एका बेडरूमचा.

ते ऑफिसात आले तेव्हा जुलै नव्हता, म्हणून मी चमकलेच. खुर्ची जिथे होती तिथेच ठेवून, टेबलापलीकडे बसून म्हणाले, "मी गावाक जातंय. कायमचो. सरकारला कसा सांगूचा?"

"म्हणजे?"

"इन्कम टॅक्सवाल्यांक. मी आता हंय नाय म्हणून."

मी सांगितलं की तसं काही सांगावं लागत नाही. उत्पन्न नाही, तर रिटर्न नाही, संपलं. वेबसाईटवर त्यासाठी रकानाच नाही. ते ऐकून घेत होते, पण उठेनात. शेवटी म्हणाले, "एकोणीस वर्षांचो होतंय तेव्हा घरात कोणाक न सांगता निघालंय. आये सहा महिने वाट बघी होती. परत तसा करूचा नाय."

मी त्यांच्यासाठी अर्ज टाईप केला. आयकर अधिकारी यांस. मी नेपाळचा नागरिक असून इतकी वर्षं मुंबईत दंतकारागीर म्हणून काम केले. आता कायमचा मायदेशी परत जात आहे. माझ्याकडे काही बाकी असल्यास कळवावे. आभारी आहे. शेवटची ओळ त्यांनी सांगितली, मी नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेले. दोन खिडक्या फिरून आम्ही एका टेबलाशी पोचलो. तरुण अधिकारी होता, सोलापूरकडचा असावा बोलण्यावरून. त्याने अर्ज वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"जायचं तर जावा की काका. आमाला कशाला सांगताय?"

काका म्हणाले, "तुमच्याशीच काय तो व्यवहार होतो इतकी वर्षां."

तो हसला नाही. त्याने कॉम्प्युटरवर त्यांचा पॅन नंबर घातला, खाली-वर बघितलं. "काय बाकी नाही तुमचं," म्हणाला. शिपायाला हाक मारून अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. प्रत परत देताना त्याने, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, विचारलं, "परत येणार का?"

काकांनी प्रत घेतली.  मग मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. अधिकारी पुढच्या माणसाकडे वळला.

आम्ही खाली उतरलो. फुटपाथवर आल्यावर ते थांबले. खिशातून मोबाईल काढून मुलुंडला मावशींना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून हे ओरडूनच बोलायला लागले.

"मावशे, झाला काम! होय, शिक्को मारून दिल्यानी! आणि ऐक. सायबान माका विचारल्यान, परत येतलंस काय? गो, विचारल्यान! परत... येतलंस... काय! होय, माका! सायबान!"

येणारेजाणारे वळून बघत होते. मावशींना पलीकडून नीट ऐकू येत नसावं, कारण ते तेच पुन्हा पुन्हा सांगत होते, प्रत्येक वेळी आणखी मोठ्याने. आणि हसत होते, ओठ उघडून. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. खालचे दोन नव्हते. मी त्यांची पिशवी धरून बाजूला उभी होते आणि ते ओठ मिटून का हसतात, हे अकरा वर्षांत विचारायचं माझ्या कसं मनात आलं नाही, ते मला कळत नव्हतं.